घरांतील छायाचित्रें कोठें जपावीं?



वसई रोड स्टेशनच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नांवाची जी मोठी वसाहत उभी आहे, तिच्यांतील बहुतेक घरांत छायाचित्रांचे दोन थर सांपडतील. एक थर कागदी आल्बमांचा. गिरगांव, परळ, दादर येथील चाळींतून येतांना कुटुंबानें तो बरोबर आणला. त्यांत आजीआजोबांचें लग्न आहे, वडिलांची मुंज आहे. दुसरा थर डोळ्यांना दिसत नाहीं. तो सीडीच्या तबकड्यांवर, पेन ड्राइव्हवर, बंद पडलेल्या संगणकांत आणि खिशांतील मोबाईलमध्यें आहे. पहिल्या थराचें वय साठ-सत्तर वर्षांचें आहे व तो अजून पाहतां येतो. दुसऱ्याचें वय जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचें आहे, आणि त्यांतील कांहीं भाग आतांच वाचेनासा झाला आहे. असें कां व्हावें व त्यावर गृहस्थानें काय करावें, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

ह्याच वसाहतीचें उदाहरण घेण्यास कारण आहे. वसई तालुक्याच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र, आणि मध्यें सखल जमीन व मिठागरें. अशा भूमीवर इमारतींची दाटी झाली आणि पाण्याला जावयास वाट अपुरी पडूं लागली. जुलै २०१८ मधील ९ व १० तारखांच्या पावसांत वसई, नालासोपारा व विरार येथील रस्ते पाण्याखालीं गेले, रूळ बुडून लोकल गाड्या थांबल्या, मिठागरांत अडकलेल्या कामगारांच्या सुटकेसाठीं बचाव पथकें धाडावीं लागलीं, आणि कित्येक भागांत वीज नाहींशी झाली. तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलें म्हणजे घरांतील माणसें प्रथम धान्य उचलतात, मग कागदपत्रें. टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीकडे लक्ष जातें तें शेवटीं. आणि कुटुंबाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास बहुधा त्या पेटींतच असतो. पूर दरवर्षीं येत नाहीं हें खरें; पण खारट, दमट हवा बारा महिने असते, आणि वीज जाऊन परत येतांना जो धक्का बसतो तो तर पावसाळ्यांत नित्याचाच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जुना कागदी फोटो भिजला, त्यावर बुरशी चढली, एक कोपरा वाळवीनें खाल्ला, तरी आजोबांचा चेहरा उरतो. तो फोटो माणसासारखा हळूहळू म्हातारा होतो आणि आपल्याला सावध होण्यास अवधि देतो. संगणकांतील चित्र हें मुळांत चित्रच नव्हे. ती शून्य व एक ह्या दोनच आंकड्यांची लांबलचक ओळ असते. मोबाईलवर काढलेल्या चार मेगाबाइटांच्या एका सामान्य चित्रांत असे सुमारें तीन कोटि आंकडे असतात. शिवाय जागा वांचविण्यासाठीं ही ओळ आवळून बांधलेली असते, त्यामुळें मधला दुवा तुटला कीं पुढच्या भागाचा अर्थ लागत नाहीं. चित्राचा वरचा अर्धा भाग स्वच्छ आणि खालचा सारा करड्या रंगाचा, असें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. आरंभींचाच भाग बिघडला असेल तर चित्र उघडतहि नाहीं.

सीडी ही ह्या प्रकारची घरोघर पोंचलेली पहिली सांठवण, म्हणून तिची रचना थोडी तपशिलानें पाहूं. १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची ही प्लॅस्टिकची चकती. घरीं लिहितां येणाऱ्या सीडींत ह्या प्लॅस्टिकवर एका रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो, त्यावर चांदीचा, क्वचित् सोन्याचा, आरसा, आणि त्यावर रोगणाचा हात. लेखन करतांना लेझर किरण त्या रंगद्रव्यांत सूक्ष्म डाग पाडतो. वाचतांना मंद किरण त्या डागांवरून फिरतो. म्हणजे आपण जिला सांठवण म्हणतों ती वस्तुतः रंगावर पडलेल्या डागांची रांग आहे, आणि रंग उन्हानें विटतो हें आपल्याला साड्यांवरून ठाऊक आहेच.

लोक तबकडीची खालची चकचकीत बाजू जपतात, आणि वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून ‘मुंज, २००४’ असें लिहितात. सीडीच्या बाबतींत अधिक नाजूक बाजू वरचीच होय; कारण तेथें रंगद्रव्य व आरसा ह्यांच्यावर रोगणाच्या पापुद्र्यावांचून दुसरें कांहीं संरक्षण नसतें. बॉलपेनाचें टोंक तो पापुद्रा सहज भेदतें. कागदी चिकटपट्टीहि नको. तिचा गोंद कालांतरानें थर ओढतो आणि फिरतांना तबकडीचा तोल जातो. लिहावयाचेंच तर मऊ टोंकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनानें मधल्या पारदर्शक वर्तुळावर लिहावें. डीव्हीडींत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्यें दडलेला असतो, म्हणून ती ह्या बाबतींत बरी. पण दोन चकत्यांची चिकटवलेली कड सुटूं लागली म्हणजे हवा आंत जाते. २००१ साली स्पेनमधील संशोधकांनीं बेलीझ ह्या मध्य अमेरिकेंतील उष्ण व दमट देशांतून आलेली एक सीडी तपासली, तेव्हां जिओट्रिकम जातीची बुरशी कडेनें आंत शिरून थर खात गेलेली आढळली. अशी बुरशी प्रत्येक तबकडीला लागते असें नाहीं, परंतु वसईच्या श्रावणांत चामड्याची पादत्राणें ज्यांनीं हिरवीं झालेलीं पाहिलीं आहेत त्यांना ह्या वार्तेचें फारसें नवल वाटूं नये.

तबकडीचा ऱ्हास आपल्या लक्षांत कां येत नाहीं? कारण मोठें मजेशीर आहे. १९६० साली रीड व सॉलोमन ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं एक युक्ति मांडली, आणि १९८२ साली सीडी बाजारांत आली ती ह्या युक्तीचा आधार घेऊनच. शाळेंत गुणाकार झाल्यावर आपण ताळा पाहत असूं. ताळा जमला नाहीं तर चूक आहे एवढें कळे. चूक कोठें हें मात्र कळत नसे. रीड-सॉलोमन ह्यांचा ताळा ह्याहून पुष्कळ चतुर आहे. मूळ आंकड्यांबरोबर कांहीं जास्त आंकडे लिहून ठेवलेले असतात, आणि त्यांच्या साह्यानें चूक कोठें आहे व योग्य आंकडा कोणता, हें दोन्ही शोधून काढतां येतें. सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडासुद्धां ह्या रीतीनें पूर्णपणें भरून निघतो.

ही सोय आहे आणि हाच धोकाहि आहे. तबकडी आंतून झिजत असतां ताळा तिची उणीव गुपचूप भरून काढीत असतो. पांचव्या वर्षीं शंभर चुका, सातव्या वर्षीं हजार, अशी समजा वाढ होत असली, तरी पडद्यावर चित्र पूर्वींइतकेंच स्वच्छ दिसतें. मग चुकांची संख्या ताळ्याच्या आटोक्याबाहेर जाते, आणि काल उघडलेली तबकडी आज उघडत नाहीं. घरच्या माणसांना वाटतें कीं ती एकाएकीं बिघडली. म्हणून ‘मागच्या वर्षीं चालत होती’ हा पुरावा येथें फारसा कामाचा नाहीं.

किती तबकड्या लागतील ह्याचा हिशेब सोपा आहे. एका कुटुंबाचीं वीस हजार चित्रें धरलीं, प्रत्येक चार मेगाबाइटांचें, तर एकूण ऐंशी गीगाबाइट झाले. सीडीवर सातशें मेगाबाइट मावतात, म्हणजे ११५ सीड्या. हा मार्ग सोडून द्यावा. ४.७ गीगाबाइटांच्या डीव्हीडी घेतल्या तर अठरा, आणि पंचवीस गीगाबाइटांच्या ब्ल्यू-रे घेतल्या तर चार. चलच्चित्रें ह्यांत धरलेलीं नाहींत. नातवाच्या वाढदिवसाचें अर्ध्या तासाचें चित्रण एकटेंच एक डीव्हीडी व्यापूं शकतें. पुसून पुन्हां लिहितां येणाऱ्या तबकड्या ह्या कामासाठीं घेऊं नयेत. जें पुसतां येतें तें जपण्यासाठीं नसतें.

टिकाऊपणाबद्दल उत्पादकांच्या ग्वाह्या कानावर येतात. त्या ऐकतांना ग्वाही देणारा स्वतः किती टिकला हेंहि पाहावें. दगडासारख्या अकार्बनी थरावर लिहिणारी एम-डिस्क नांवाची तबकडी अमेरिकेंतील मिलेनिआटा ह्या कंपनीनें काढली आणि तिचें आयुष्य हजार वर्षांचें सांगितलें. तबकडी खरोखरच चांगली आहे, पण मूळ कंपनी २०१६ अखेर बुडाली. आपल्या देशांत घरोघर ज्यांच्या कोऱ्या सीड्या असत त्या मोझर बेयर कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम सप्टेंबर २०१८ मध्यें झाला. सोनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें लिहितां येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें. इतर उत्पादकांच्या तबकड्या अजून मिळतात. परंतु नव्या लॅपटॉपमध्यें त्या वाचण्याची खांच बहुधा नसते, बाहेरून जोडावयाचें यंत्र वेगळें विकत घ्यावें लागतें. तबकडी शंभर वर्षें टिकली आणि ती वाचणारें यंत्र वीस वर्षांत नाहींसें झालें, तर उपयोग काय? म्हणून ज्यांच्या घरीं तबकड्या आहेत त्यांनीं वाचणारें एक यंत्रहि नीट गुंडाळून ठेवावें.

बाकीच्या साधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. हार्ड डिस्क ही स्वस्त व मोठी. तिच्यांत वेगानें फिरणाऱ्या चकतीवर चुंबकीय खुणा असतात आणि वाचणारें टोंक चकतीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या अंशाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. चालूं असतां ती टेबलावरून पडली तर ती गेली असेंच समजावें. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड ह्यांत फिरणारें कांहीं नाहीं. तेथें सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडलेला असतो, व तो वर्षानुवर्षें वापराविना पडून राहिला कीं हळूहळू झिरपून जातो. लग्नाचीं चित्रें पेन ड्राइव्हमध्यें घालून तो लॉकरमध्यें दागिन्यांशेजारीं ठेवणें ही हल्लीं रूढ झालेली रीत सुरक्षित दिसते तितकी नाहीं. पेन ड्राइव्ह हें नेण्या-आणण्याचें साधन आहे, जपण्याचें नव्हे.

तेव्हां, एकहि साधन कायमचें नाहीं. मग वस्तु टिकते ती कशी?

ह्याचें उत्तर आपल्या इतिहासांतच आहे. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलमआरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट झळकला. गर्दी आवरण्यास पोलिसांना बोलवावें लागलें असें सांगतात. आज त्या बोलपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं; कांहीं स्थिरचित्रें व छापील कागद तेवढे उरले. त्याच्या पुढल्याच वर्षीं प्रभात कंपनीनें कोल्हापुरांत काढलेला ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजहि पाहतां येतो. दोन्ही त्याच काळच्या ज्वालाग्राही फिल्मचे; फरक इतकाच कीं एकाची प्रत योग्य वेळीं योग्य हातीं पडली. पुण्यांत १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंपर्यंत पुष्कळ मूकपट व बोलपट नाहींसे होऊन गेलेले होते. आणि संग्रहालय झालें म्हणून धोका टळला असेंहि नाहीं: ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारांतील कोठाराला आग लागून तेथें ठेवलेली जुनी फिल्म जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती अन्यत्र होत्या ते राहिले.

उलट बाजूचें उदाहरण देहूचें. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या व तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्याला हा चमत्कार मान्य नसेल त्यालाहि एवढें मान्य करावें लागतें कीं अभंग अनेकांच्या मुखीं होते, आणि संताजी जगनाडे ह्यांच्यासारख्यांच्या वह्यांत उतरलेले होते. छापखाना नसतां आपलें वाङ्मय शतकानुशतकें टिकलें तें कागद अमर होता म्हणून नव्हे, तर जीर्ण पोथीवरून नवी पोथी उतरून घेण्याची आणि ती दुसऱ्या गांवीं नेण्याची चाल होती म्हणून.

हीच चाल आजच्या भाषेंत पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें तीन-दोन-एक अशी सुटसुटीत सांगितली आहे. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या जागीं असावी. ह्यांतील शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच पाळला जात नाहीं. एकाच कपाटांत ठेवलेल्या दोन हार्ड डिस्का ही पुराच्या व चोराच्या दृष्टीनें एकच प्रत आहे. एव्हरशाईनमधील कुटुंबानें एक प्रत संगणकांत ठेवावी, दुसरी हार्ड डिस्कवर, आणि तिसरी निवडक चित्रांची डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रेवर करून ती डोंबिवलीच्या बहिणीकडे, रत्नागिरीच्या मूळ घरीं, किंवा मुलगा न्यू जर्सीस असेल तर त्याच्या हातीं पाठवावी. त्यांची प्रत आपण आपल्याकडे ठेवावी, म्हणजे दोन्ही घरांचें काम होतें. हार्ड डिस्क प्रत करण्यापुरती जोडावी आणि लगेच काढून उंच फळीवर ठेवावी. सदा जोडलेली राहिली तर विजेचा जो धक्का संगणकाला बसतो तोच तिलाहि बसतो, आणि संगणकांत शिरलेला विषाणु तिलाहि सोडीत नाहीं. प्रत झाली म्हणजे ती उघडून पाहावी. पूर्वीचे लेखनिक पोथीच्या शेवटीं आपण जसें पाहिलें तसेंच लिहिलें असें सांगून दोषाची जबाबदारी झटकीत असत. यंत्राला ती सवलत देऊं नये. तबकडी लिहिणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्यें लेखन पडताळून पाहण्याची सोय असते, ती चालूं ठेवावी. थोडा वेळ जास्त जातो, जाऊं द्यावा.

कोणी म्हणेल कीं आतां क्लाउड आहे, मग हा खटाटोप कशाला? क्लाउड म्हणजे ढग. नांव मोठें काव्यमय आहे. प्रत्यक्षांत आकाशांत कांहीं नसतें, कोठेंतरी दुसऱ्याच्या इमारतींत रांगेनें मांडलेले संगणक असतात. त्या इमारतींनाहि आग लागते. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन येथील सरकारी संगणककेंद्रास आग लागली, आणि सरकारी नोकरांनीं सांठविलेलें ८५८ टेराबाइट साहित्य नष्ट झालें. त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेंच नव्हती. प्रगत राष्ट्राच्या सरकाराची ही गोष्ट.

तरीहि वसईसारख्या पाणथळ जागीं राहणाराला क्लाउड ही दूरची प्रत म्हणून फार उपयोगी आहे, आणि तिचा लाभ घ्यावाच. मात्र तीन गोष्टी जाणून घ्याव्या. पहिली, जागा फुकट नाहीं. गूगल फोटोजनें १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत सांठवण बंद केली. पंधरा गीगाबाइटांपर्यंत मोफत, व त्यांतच टपालाचाहि हिस्सा. दोन वर्षें न वापरलेलें खातें काढून टाकण्याचें धोरणहि त्याच कंपनीनें डिसेंबर २०२३ पासून अमलांत आणलें आहे. दुसरी गोष्ट, मोबाईल व क्लाउड हे जोडलेले असले तर मोबाईलमधून पुसलेलें चित्र तिकडूनहि पुसलें जाऊं शकतें. जागा होत नाहीं म्हणून कोणी मोबाईल रिकामा करतो आणि दोन महिन्यांनीं पाहतो तों दोन्हीकडे कांहीं नाहीं. ही आरशांतील प्रतिमा झाली. माणूस उठून गेला कीं तीहि जाते. तिसरी गोष्ट किल्लीची. खात्याचा परवलीचा शब्द घरांत एकाच माणसाला ठाऊक असतो. तो माणूस अकस्मात् गेला तर पत्नीजवळ मोबाईल राहतो, आंत सारें आयुष्य असतें, आणि दार उघडत नाहीं. आपल्या मागें खातें कोणाला पाहतां यावें हें नोंदविण्याची सोय गूगलच्या खात्यांतच आहे. ती दहा मिनिटांचें काम आहे. परवलीचा शब्द कागदावर लिहून तो विम्याच्या कागदांबरोबर ठेवणें हा जुना मार्गहि वाईट नाहीं.

व्हॉट्सअॅपवर नातलगांना पाठविलें म्हणजे प्रत झाली, अशीहि समजूत आहे. पाठवितांना तेथें चित्र आवळलें जातें, बारकावे गळतात, आणि चित्र कधीं व कोठें काढलें ही आंतली नोंदहि निघून जाते. तेंच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविलें तर मूळ जसेंच्या तसें जातें.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला ह्या सर्व यांत्रिक चर्चेहून मोठी वाटते. जुन्या आल्बमांत ओळीनें उभ्या असलेल्या दहा माणसांपैकीं सात कोण हें सांगणारें आज घरांत कोणी नसतें. कागद टिकला, माणूस हरवला. वीस हजार चित्रांच्या ढिगांत हें दसपट होणार आहे. म्हणून वर्षाकांठीं शंभर-दोनशें चित्रें निवडावीं, फोल्डरला ‘२०१८-११ दिवाळी, वसई’ असें सालापासून सुरू होणारें नांव द्यावें, म्हणजे तीं आपोआप क्रमानें लागतात, आणि चित्रांत कोण कोण आहे त्याची एक साधी यादी त्याच फोल्डरमध्यें ठेवावी. घरांत आजी असेल तर तिला शेजारीं बसवून जुन्या फोटोंतील नांवें आतांच लिहून घ्यावीं. हें काम पुढल्या वर्षावर टाकतां येत नाहीं. निवडलेल्यांपैकीं वीस-पंचवीस चित्रें चांगल्या कागदावर छापून आल्बमांत लावावीं. आल्बम पाहण्यास वीज लागत नाहीं.

हें काम केव्हां करावें? पावसाळा संपला कीं पूर्वीं घरोघर गाद्या, रेशमी वस्त्रें आणि पुस्तकें ह्यांना ऊन दाखवीत. तबकड्यांना मात्र ऊन दाखवूं नये! पण दिवस तोच चांगला. दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते. त्या सुटींत नव्या वर्षाच्या प्रती कराव्या, जुन्या सर्व उघडून पाहाव्या, आणि पांच वर्षें झालेल्या हार्ड डिस्कवरील साहित्य नव्या डिस्कवर उतरून घ्यावें. मे महिन्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, तळमजल्यावरील माणसांनीं सारीं साधनें वरच्या फळीवर गेलीं आहेत ना एवढें एकदां पाहावें.

आणि ज्यांच्या कपाटांत २००३-०४ पासूनच्या सीड्यांचा गठ्ठा पडून आहे त्यांनीं दसऱ्याचीहि वाट पाहूं नये. ती एकेक तबकडी कडेनें धरून उजेडांत पाहावी. धूळ किंवा बुरशीचा डाग असेल तर मऊ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ रेषेंत पुसावी, गोल फिरवून पुसूं नये. कारण गोल ओरखडा आंकड्यांच्या ओळीबरोबर धांवतो व ताळ्याला भारी पडतो, आडवा ओरखडा त्या ओळीला क्षणमात्र छेदून जातो. एका यंत्रानें वाचली नाहीं तर दुसऱ्यांत घालून पाहावी. यंत्रायंत्रांत फरक असतो, आणि एकानें नाकारलेली तबकडी दुसरें पुष्कळदां वाचतें. वाचली तर सारें प्रथम संगणकांत उतरून घ्यावें, चित्रें पाहत बसणें मागाहून.